धूमगंधी मॉल्ट व्हिस्कीचे परिपक्वन : हाकुशू, कुंकळ्ळी आणि नीरा-भीमा खोरे

सारांश

व्हिस्कीच्या बाटलीवर छापलेले वय हे गुणवत्तेचे माप आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत लेखात जपानमधील हाकुशू येथील पर्वतीय आसवनी आणि गोव्यातील कुंकळ्ळी येथील किनारी आसवनी यांची तुलना करून हा समज तपासला आहे. सौम्य धूमगंध असलेली जुनी व्हिस्की थंड हवामानात कशी घडते, उष्ण हवामानात तिच्या घडणीत कोणते फरक पडतात आणि नीरा-भीमा खोऱ्यातील मळीपासून तयार होणाऱ्या मद्यार्काला 'व्हिस्की' हे नाव कितपत लागू पडते, या तीन प्रश्नांचे विवेचन येथे केले आहे. वय ही हवामानसापेक्ष राशी असून नाव ही कच्च्या मालाशी निगडित बाब आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मॉल्ट, पीट, ऊर्ध्वपातन, परिपक्वन, बाष्पीभवन, मळी, मद्यार्क.

१. प्रस्तावना

इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेला मिळते. लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरामुळे हे गाव तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. या संगमाच्या वरच्या अंगाला, नीरेच्या खोऱ्यात, बारामती व इंदापूर हे दोन तालुके पसरले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाल्यानंतर या अवर्षणप्रवण प्रदेशाचे रूप पालटले. बाजरी-ज्वारीच्या माळरानावर ऊस उभा राहिला. वालचंदनगरला खाजगी साखर कारखाना आला, पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे सहकारी कारखाने उभे राहिले. साखरेबरोबर मळी आली आणि मळीबरोबर आसवनी आल्या. गळीत हंगामात या परिसरातून प्रवास करणाऱ्याला मळीचा उग्र-गोड दर्प ओळखावा लागत नाही, तो आपोआप समजतो.

या आसवनींमधून बाहेर पडणाऱ्या मद्यार्काचे पुढे काय होते, हे मात्र येथील बहुसंख्य सुशिक्षितांनाही नीटसे ठाऊक नसते. त्यातील काही भाग औषधे व रसायने यांच्या निर्मितीसाठी जातो, मोठा भाग आता इथेनॉलच्या रूपाने पेट्रोलमध्ये मिसळला जातो आणि काही भाग रंग, गंध व अल्प प्रमाणात मॉल्ट मिसळून 'व्हिस्की' या नावाने बाटलीत भरला जातो. जगाच्या पाठीवर अन्यत्र याच नावाने ओळखला जाणारा पदार्थ धान्यापासून बनतो आणि लाकडी पिंपात वर्षानुवर्षे ठेवला जातो. एकच नाव धारण करणाऱ्या या दोन पदार्थांमधील अंतर समजून घ्यायचे असेल, तर ज्या पेयात धान्य, धूर, लाकूड आणि काळ हे चारही घटक स्पष्टपणे ओळखता येतात, असे उदाहरण हाती घेणे सोयीचे ठरते. जपानमधील हाकुशू हे असे उदाहरण आहे, आणि त्याला आपल्या शेजारचे समांतर उदाहरण गोव्यात सापडते.

मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे आणि मद्यामुळे झालेली कौटुंबिक व सामाजिक हानी आपल्या परिसराने जवळून पाहिली आहे. तथापि ज्या उद्योगावर परिसराचे अर्थकारण काही अंशी अवलंबून आहे, त्याचे शास्त्र समजून घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

२. धूर कोठून येतो?

मॉल्ट व्हिस्कीचा कच्चा माल म्हणजे जव, अर्थात सातू. जव भिजवून त्याला मोड आणले जातात. मोड येताना दाण्यात विकरे निर्माण होतात आणि दाण्यातील पिष्टमय पदार्थाचे शर्करेत रूपांतर करण्याची क्षमता त्याला प्राप्त होते. ही क्रिया योग्य टप्प्यावर थांबवण्यासाठी दाणे उष्णतेवर वाळवले जातात. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व ज्यांच्या घरात होते, त्यांना ही क्रिया अपरिचित वाटणार नाही.

वाळवण्यासाठी कोणते इंधन वापरले जाते, यावर धूमगंध अवलंबून असतो. स्कॉटलंडच्या काही भागांत लाकूड दुर्मीळ होते, परंतु दलदलीच्या जमिनीत पीट मुबलक होते. पाणथळ जागी शेवाळ, गवत आणि झुडपे शेकडो-हजारो वर्षे अर्धवट कुजून जो काळपट मातकट थर साचतो, त्याला पीट म्हणतात. तो विटांप्रमाणे कापून, वाळवून जाळला जातो. त्याच्या धुरातील फिनॉल वर्गातील संयुगे ओलसर दाण्यांच्या पृष्ठभागावर बसतात. फिनॉल, क्रेसॉल आणि ग्वायकॉल ही त्यांतील प्रमुख होत. त्यांचे प्रमाण दशलक्ष भागांत किती भाग, या परिमाणात सांगितले जाते. तीव्र धूमगंधी मॉल्टमध्ये ते ३५ ते ५५ भागांच्या आसपास असते, सौम्य मॉल्टमध्ये त्याहून पुष्कळ कमी.

येथे एक महत्त्वाचा खुलासा आवश्यक आहे. हे प्रमाण वाळवलेल्या दाण्यातील असते, बाटलीतील नव्हे. दळणे, गरम पाण्यात भिजवणे, आंबवणे आणि ऊर्ध्वपातन या प्रत्येक पायरीवर फिनॉलचा काही अंश गळून पडतो. ऊर्ध्वपातनात ही संयुगे प्रामुख्याने उशिरा, म्हणजे प्रवाहाच्या शेवटच्या टप्प्यात उतरतात. त्यामुळे आसवनीकार मधला प्रवाह कोणत्या क्षणी तोडतो, यावर धूर किती उतरेल हे ठरते. लवकर तोडला तर पेय स्वच्छ व फळगंधी होते, उशिरा तोडला तर धुरकट व जड होते. यानंतर पिंपातील प्रत्येक वर्ष धुराची तीव्रता आणखी कमी करत जाते. 'जुनी आणि सौम्य धूमगंधी' व्हिस्की हे वर्णन म्हणूनच दोन निर्णयांचे फलित असते : आरंभी किती धूर घ्यावा आणि नंतर किती काळ थांबावे.

३. हाकुशू : पर्वतातील आसवनी

जपानमधील व्हिस्कीचा इतिहास शंभर वर्षांहून थोडा अधिक आहे. मासाताका ताकेत्सुरू हा तरुण १९१८ साली स्कॉटलंडला गेला, ग्लासगो येथे त्याने रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले, तेथील आसवनींत प्रत्यक्ष काम केले आणि १९२० साली तो परतला. शिंजिरो तोरी या व्यापाऱ्याने १९२३ साली क्योतोजवळ यामाझाकी येथे आसवनी उभारण्यास घेतली आणि तिच्या उभारणीत ताकेत्सुरूचे साहाय्य घेतले. १९२९ साली त्यांची पहिली व्हिस्की बाजारात आली, परंतु तिचा धुरकट वास जपानी ग्राहकाला रुचला नाही. १९३४ साली ताकेत्सुरूने होक्काइदो बेटावर योइची येथे स्वतःची स्वतंत्र वाट धरली. जपानी व्हिस्कीत धूर सौम्य का असतो, याचे उत्तर या पहिल्या अपयशात बऱ्याच अंशी सापडते. स्कॉटलंडचे तंत्र घेतले गेले, पण त्यातील धुराचे प्रमाण स्थानिक रुचीप्रमाणे बेतले गेले.

यामाझाकीनंतर पन्नास वर्षांनी, १९७३ साली, सनटोरी या त्याच कंपनीने केइझो साजी यांच्या नेतृत्वाखाली यामानाशी प्रांतात हाकुशू आसवनी सुरू केली. जपानच्या दक्षिण आल्प्स पर्वतरांगेतील काइकोमागाताके या शिखराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, दाट वनराईत ही आसवनी वसली आहे. हे स्थान पाण्यासाठी निवडण्यात आले. पर्वतावरील पाऊस व बर्फ यांचे पाणी ग्रॅनाइटच्या थरांतून झिरपते, त्यामुळे ते अत्यंत मृदू असते. याच परिसरातून पिण्याचे बाटलीबंद पाणीही विकले जाते. आसवनीभोवतीचे वन राखले आहे आणि त्यात पक्ष्यांसाठी संरक्षित अधिवास आहे. पाणी देणारा डोंगर सुरक्षित राहिला तरच आसवनी टिकेल, हा त्यामागील व्यावहारिक विचार होय.

हाकुशूच्या कार्यपद्धतीत तीन बाबी लक्षणीय आहेत. पहिली, आंबवण्यासाठी लाकडी टाक्या वापरल्या जातात. लाकडाच्या छिद्रांत दुग्धाम्ल निर्माण करणारे जिवाणू वस्ती करतात आणि यीस्टचे कार्य मंदावल्यावर ते गंधात भर घालतात. दह्याचे विरजण मातीच्या भांड्यात का चांगले लागते, हे जाणणाऱ्यास यातील मर्म लक्षात येईल. दुसरी, तांब्याची ऊर्ध्वपातन पात्रे वेगवेगळ्या आकारांची आहेत. उंच मानेच्या पात्रातून हलका मद्यार्क उतरतो, आखूड मानेच्या पात्रातून जड. स्कॉटलंडमधील आसवनी परस्परांत पिंपांची देवाणघेवाण करतात. जपानमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांत तशी प्रथा रुजली नाही. परिणामी मिश्रणासाठी लागणारी विविधता एकाच आसवनीला आपल्या छपराखाली निर्माण करावी लागते. तिसरी बाब म्हणजे धूमविरहित आणि धूमयुक्त अशा दोन्ही मॉल्टचा वापर. त्यांच्या मिश्रणातून हिरव्या पानांचा, पुदिन्यासारखा ताजा गंध आणि त्यामागून येणारा हलका धूर, असे हाकुशूचे परिचित रूप साकारते.

हाकुशूच्या १२, १८ आणि २५ वर्षे वयाच्या व्हिस्की प्रसिद्ध आहेत. बाटलीवरील वय हे त्यातील सर्वात तरुण घटकाचे असते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. या वयाची किंमत जपानला अलीकडेच मोजावी लागली. १९८० च्या दशकाच्या आरंभी देशातील व्हिस्कीचा खप शिखरावर होता. त्यानंतर तो दोन दशकांहून अधिक काळ घसरत गेला व उत्पादन आवरते घेतले गेले. पुढे मागणी अचानक वाढली, तेव्हा पिंपांत पुरेसा जुना साठा नव्हता. १२ वर्षांची हाकुशू २०१८ साली विक्रीतून थांबवावी लागली आणि २०२१ साली मर्यादित प्रमाणात परतली. आज विकायच्या बाटलीचा निर्णय बारा किंवा अठरा वर्षांपूर्वी घ्यावा लागतो. शेतीमालाच्या व्यवहारात इतक्या लांबच्या पल्ल्याचे उदाहरण विरळाच.

४. पिंपात काय घडते?

नुकताच उतरलेला मॉल्ट मद्यार्क पाण्यासारखा रंगहीन असतो. त्याला सोनेरी वा तांबूस रंग मिळतो तो ओक लाकडाच्या पिंपातून. पिंपाचा आतील पृष्ठभाग भाजलेला असतो. भाजण्याच्या उष्णतेने लाकडातील लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलाच्या गंधाची संयुगे तयार होतात, अर्धसेल्युलोजपासून जळक्या साखरेसारखी गोडी येते, ओकमधील लॅक्टोनांमुळे नारळासारखा गंध येतो आणि टॅनिनमुळे तुरटपणा. वरचा कोळशाचा थर मद्यार्कातील गंधकयुक्त अप्रिय संयुगे शोषून घेतो. याखेरीज लाकडाच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि मंदगतीने ऑक्सिडीकरण व एस्टर-निर्मिती चालू राहते.

म्हणजे पिंपात किमान तीन क्रिया एकाच वेळी घडतात : लाकडातून अर्क उतरणे, हवेशी व आपसात होणाऱ्या रासायनिक अभिक्रिया, आणि बाष्पीभवन. तापमान वाढले की तिन्हींचा वेग वाढतो, परंतु तो सारख्या प्रमाणात वाढत नाही. येथेच वय आणि हवामान यांचा संबंध येतो.

बाष्पीभवनाने नष्ट होणाऱ्या भागाला स्कॉटलंडमध्ये कौतुकाने 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तेथे तो वर्षाला साधारण २ टक्के असतो. भारतातील उष्ण प्रदेशांत तो ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. या फरकाचा अर्थ साध्या चक्रवाढ गणिताने स्पष्ट होतो. २०० लिटर मद्यार्क पिंपात भरला आणि वार्षिक घट २ टक्के धरली, तर १८ वर्षांनंतर सुमारे १३९ लिटर शिल्लक राहतो. घट ८ टक्के धरली तर १८ वर्षांनंतर जेमतेम ४५ लिटर उरतो, आणि १० टक्के धरली तर ३० लिटर. उलट बाजूने पाहता, ८ टक्के घटीने अवघ्या ५ वर्षांत पिंपात सुमारे १३२ लिटर राहतो. २ टक्के घटीने तितकी घट होण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागतो.

घटीबरोबर मद्याची तीव्रताही बदलते. हवा दमट असेल तर पाण्यापेक्षा मद्यार्क अधिक वेगाने उडतो आणि पिंपातील तीव्रता उतरते. हवा कोरडी असेल तर पाणी अधिक उडते आणि तीव्रता टिकते किंवा वाढते. तेव्हा उष्णतेइतकाच आर्द्रतेचाही विचार करावा लागतो.

हाकुशू येथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि उन्हाळाही उंचीमुळे सौम्य असतो. अशा ठिकाणी लाकडाचा अर्क सावकाश उतरतो, मंद अभिक्रियांना अवधी मिळतो, आणि अठरा वर्षांनंतरही पिंपाचा तुरटपणा मूळ मद्यार्काच्या गंधावर कुरघोडी करत नाही. धुराचा झणझणीतपणा निवतो, पण धूर पुसला जात नाही. जुनेपणा आणि सौम्य धूर एकत्र नांदू शकतात, त्याचे कारण हे थंड हवामान आहे.

५. कुंकळ्ळी : किनाऱ्यावरील समांतर उदाहरण

आता आपल्या शेजारच्या उदाहरणाकडे वळू. दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात कुंकळ्ळी येथे जॉन डिस्टिलरीज या बंगळूरस्थित कंपनीची मॉल्ट आसवनी आहे. पॉल पी. जॉन यांनी १९९२ साली स्थापन केलेल्या या कंपनीने 'पॉल जॉन' या नावाची सिंगल मॉल्ट व्हिस्की २०१२ साली प्रथम लंडन येथे बाजारात आणली. त्यापूर्वी २००४ साली बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने आपली सिंगल मॉल्ट ग्लासगो येथे सादर करून भारतीय मॉल्टची वाट मोकळी केली होती. अमृतच्या 'फ्यूजन' या २००९ सालच्या व्हिस्कीत भारतीय जवाबरोबर पीटच्या धुरावर वाळवलेला स्कॉटिश जव एक चतुर्थांश प्रमाणात वापरला गेला आणि सौम्य धूमगंधाचे भारतीय रूप जगापुढे आले.

ऊर्ध्वपातन गोव्याला नवे नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवून फेणी काढण्याची परंपरा तेथे जुनी असून २००९ साली काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. मात्र फेणी ही मुख्यतः ताज्या फळाच्या गंधाचे पेय आहे. लाकडात वर्षानुवर्षे मुरवणे हे तिचे लक्षण नव्हे. कुंकळ्ळीच्या आसवनीने गोव्याच्या हवेत मुरवण्याचा प्रयोग केला.

येथे वापरला जाणारा जव उत्तर भारतातील सहा ओळींच्या कणसाचा असतो. युरोपात प्रचलित असलेल्या दोन ओळींच्या जवाच्या तुलनेत यात टरफल व प्रथिने अधिक आणि पिष्ट कमी असते. त्यामुळे टनामागे मद्यार्क कमी मिळतो, पण चव भरघोस येते. तांब्याची पात्रे आहेत. परिपक्वनासाठी अमेरिकेतून आणलेली, पूर्वी बर्बन मुरवलेली ओकची पिंपे प्रामुख्याने वापरली जातात. बर्बनसाठी दर वेळी नवे भाजलेले पिंप वापरण्याचा नियम अमेरिकेत असल्याने अशी पिंपे जगभर उपलब्ध होतात. धुरासाठी लागणारे पीट स्कॉटलंडहून येते, कारण भारतात त्या प्रकारचे पीट वापरण्याची परंपरा नाही. कंपनीच्या 'एडिटेड' या व्हिस्कीत धूमयुक्त मॉल्टचा थोडाच अंश असतो, तर 'बोल्ड' पूर्णतः धूमगंधी आहे. पहिली म्हणजे हाकुशूच्या सौम्य धुराचे आपल्या प्रदेशातील सर्वात जवळचे समांतर रूप.

परंतु या बाटलीवर १२ किंवा १८ हा आकडा सहसा दिसत नाही. गोव्यात पारा फारसा खाली उतरत नाही. पिंपाला हिवाळ्याची विश्रांती नसते. लाकडाचा अर्क पहिल्या काही वर्षांतच भरभरून उतरतो. अशा पिंपात मद्यार्क आणखी दहा-बारा वर्षे ठेवला, तर दोन गोष्टी संभवतात : पिंप बरेचसे रिकामे होते, आणि जे उरते त्यात लाकडाचा तुरटपणा धुराला व धान्याला झाकून टाकतो. म्हणून कुंकळ्ळीच्या आसवनीकारापुढील प्रश्न 'किती काळ थांबावे' हा नसून 'कधी थांबू नये' हा असतो. हाकुशूला धीर हवा, कुंकळ्ळीला नेमकेपणा हवा.

यावरून 'गोव्यातील पाच वर्षे म्हणजे जपानमधील अठरा वर्षे' असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. घटीच्या बाबतीत असे समीकरण काही अंशी जुळते, अर्काच्या बाबतीतही थोडेफार जुळते; पण मंद ऑक्सिडीकरण आणि धुराचे हळूहळू निवणे यांना काळच लागतो. उष्णतेने आंबा लवकर पिकतो, म्हणून अढीत पिकलेला आंबा आणि घाईने पिकवलेला आंबा एकच होत नाही. दोन्ही व्हिस्की आपापल्या हवामानात प्रामाणिक असू शकतात. त्यांतील एकीला दुसरीच्या आकड्याने मोजणे अशास्त्रीय आहे.

६. नीरा-भीमा खोरे : मळीचा मद्यार्क

हाकुशू आणि कुंकळ्ळी यांच्यात हवामानाचे अंतर आहे, पदार्थाचे नाही. दोन्हीकडे धान्य आहे, तांब्याचे पात्र आहे, लाकूड आहे. आपल्या खोऱ्यातील स्थिती मुळातच निराळी आहे.

उसाचा रस उकळून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर जो दाट काळसर द्रव उरतो, ती मळी. तिच्यात साखर शिल्लक असते, पण ती किफायतशीरपणे काढता येत नाही. मळी पाण्यात पातळ करून यीस्टने आंबवली जाते. एक टन अंतिम मळीपासून सुमारे २२० ते २५० लिटर मद्यार्क मिळतो. हा द्रव तांब्याच्या पात्रात नव्हे, तर उंच स्तंभांच्या मालिकेत अखंडपणे ऊर्ध्वपातित होतो आणि सुमारे ९६ टक्के शुद्धतेपर्यंत नेला जातो. या शुद्धतेला पोहोचलेल्या मद्यार्काला व्यवहारात 'ईएनए', म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल म्हणतात. 'न्यूट्रल', म्हणजे तटस्थ, हे विशेषण महत्त्वाचे आहे. ज्या कच्च्या मालापासून तो निघाला त्याची कोणतीही खूण त्यात राहू नये, हाच त्या प्रक्रियेचा उद्देश असतो. मॉल्टचे ऊर्ध्वपातन याच्या नेमके उलट चालते : तेथे मद्यार्क सुमारे ७० टक्क्यांवर थांबवला जातो, कारण जवाची आणि धुराची खूण राखायची असते.

या तटस्थ मद्यार्कात काही प्रमाणात मॉल्ट, पाणी, रंगासाठी करपवलेली साखर आणि गंध मिसळून जे पेय तयार होते, ते 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' या सदरात 'व्हिस्की' म्हणून विकले जाते. अलीकडे मळीऐवजी तांदूळ, मका वा अन्य धान्यांच्या तटस्थ मद्यार्काचा वापर वाढला आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये 'महाराष्ट्र मेड लिकर' या नावाने धान्याधारित मद्याचा नवा प्रकार मान्य केला, तोही याच दिशेचा. मात्र तटस्थ मद्यार्क मळीचा असो वा धान्याचा, त्याचे तटस्थपण कायम राहते. कच्चा माल बदलल्याने तो आपोआप मॉल्ट होत नाही.

पाण्याचा मुद्दाही येथे नोंदवला पाहिजे. मळीच्या आसवनीत लिटरभर मद्यार्कामागे अनेक लिटर काळे सांडपाणी, म्हणजे 'स्पेंटवॉश', निर्माण होते. ते प्रक्रियेविना ओढ्या-नाल्यांत उतरले तर नदीतील प्राणवायू संपवते. नीरेत जे उतरते ते नरसिंहपुराच्या संगमात येते आणि पुढे भीमेबरोबर पंढरपुराकडे जाते. म्हणूनच आसवनींनी सांडपाणी बाहेर सोडू नये, ते बाष्पीभवन, खत वा जाळण्याद्वारे परिसरातच जिरवावे, असे नियम झाले. हाकुशूने वरच्या अंगाचा डोंगर राखला. आपल्याला खालच्या अंगाची नदी राखायची आहे. दोन्हींमागील तत्त्व एकच आहे.

७. नाव आणि तीन वर्षांची अट

युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच बनली पाहिजे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरली पाहिजे आणि तिची तीव्रता किमान ४० टक्के असली पाहिजे. परिणामी मळीपासून बनलेले भारतीय पेय तेथे व्हिस्की म्हणून विकता येत नाही. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मद्यासंबंधी २०१८ साली केलेले विनियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांत सिंगल मॉल्टची काटेकोर व्याख्या आहे : केवळ मोड आणलेला जव, केवळ पात्र-ऊर्ध्वपातन आणि एकच आसवनी. परंतु 'व्हिस्की' या व्यापक संज्ञेत तटस्थ मद्यार्कावर आधारलेल्या मिश्रणालाही स्थान आहे आणि सर्व प्रकारांना लागू होणारी तीन वर्षांची अट नाही.

नावाची ही सैलता केवळ भारतातच होती असे नाही. जपानमध्येही दीर्घकाळ परदेशी व्हिस्की आणून, मिसळून 'जपानी' म्हणून विकता येत असे. तेथील उत्पादकांच्या संघटनेने २०२१ साली स्वतःहून मानके जाहीर केली : मोड आणलेल्या धान्याचा वापर अनिवार्य, पाणी जपानमधील, ऊर्ध्वपातन जपानमध्ये, किमान तीन वर्षांचे परिपक्वन जपानमध्ये आणि बाटलीत भरणेही तेथेच. संक्रमणकाळ संपून १ एप्रिल २०२४ पासून सभासदांनी ती पूर्णतः अमलात आणली. लौकिक वाढला की नावाची जबाबदारीही वाढते, हे त्यांनी ओळखले.

तीन वर्षांच्या अटीबाबत मात्र भारतीय मॉल्ट उत्पादकांची तक्रार विचारार्ह आहे. ही अट थंड हवामान गृहीत धरून झाली. उष्ण प्रदेशात तीन वर्षांत चौथ्या हिश्श्यापर्यंत मद्यार्क उडून जातो, तेव्हा काळाऐवजी परिणाम मोजावा, असे ते म्हणतात. भारत व ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयातशुल्क प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. यामुळे हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहिलेला नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोन वेगळ्या मागण्यांची गल्लत होऊ देता कामा नये. 'उष्ण हवामानात कमी काळ पुरतो' हा युक्तिवाद ज्याने पिंप वापरले आहे त्यालाच करता येतो. ज्या पेयाने पिंप पाहिलेलेच नाही, त्याला हवामानाचा आधार घेता येणार नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, व्हिस्कीचे वय ही हवामानसापेक्ष राशी आहे. अठरा हा आकडा हाकुशूच्या पर्वतात अर्थपूर्ण आहे. कुंकळ्ळीच्या किनाऱ्यावर तो नुकसानीचा आकडा ठरू शकतो.

दोन, सौम्य धूमगंध हा धूर कमी असल्याचा पुरावा नसून धूर, ऊर्ध्वपातन आणि काळ यांच्या समतोलाचा परिणाम आहे. हा समतोल प्रत्येक प्रदेशाला स्वतःच शोधावा लागतो. जपानला तो साधण्यासाठी १९२९ च्या अपयशातून जावे लागले.

तीन, नाव हे कच्च्या मालाशी व प्रक्रियेशी प्रामाणिक असावे. मळीच्या मद्यार्कात कमीपणाचे काही नाही. उसाच्या मळीपासून काढून, तिचा गंध राखून लाकडात मुरवलेल्या पेयाला जगभर 'रम' हे प्रतिष्ठित नाव आहे आणि उष्ण हवामानात ते लवकर मुरते, हे कॅरिबियन बेटांनी दाखवून दिले आहे. नीरा-भीमा खोऱ्यातील मळीला तिचे स्वतःचे नाव उपलब्ध असताना तिने जवाचे नाव उसने घेण्याची गरज नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने बाटलीवरील वयाचा आकडा वाचण्यापूर्वी चार गोष्टी वाचणे हितावह आहे : कोणते धान्य किंवा कोणता कच्चा माल, कोणत्या प्रकारचे ऊर्ध्वपातन, कोणते लाकूड आणि कोणत्या ठिकाणची हवा. या चारांचे उत्तर मिळाल्यावरच आकड्याला अर्थ प्राप्त होतो. साखरपट्ट्यातील महाविद्यालयांमधून रसायनशास्त्र, भूगोल, वाणिज्य आणि कृषिशास्त्र यांचे विद्यार्थी एकत्र येऊन आपल्या परिसरातील आसवनींचा असा अभ्यास करू शकतील. त्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. मळीचा दर्प वर्गाच्या खिडकीतून आत येतच असतो.